भाजीच्या भावाची वही

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात २६ जानेवारी २०२५ रोजी सोसायटीच्या आवारात केलेले भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.)



मला सांगण्यात आलं, "काका, तुम्ही बँकेत होतात, गुंतवणुकीवर बोला." मी म्हटलं, गुंतवणुकीवर बोलणारे टीव्हीवर भरपूर आहेत. मी भाजीवर बोलतो. कमिटीचे चेहरे जरा पडले, पण ज्येष्ठ नागरिकाला नाही म्हणता येत नाही, त्याचा मी फायदा घेतला.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मला शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास स्टेशनजवळच्या बाजारात पिशवी आणि एक लांबट वही घेऊन फिरताना पाहिलं आहे. काहींना वाटतं मी नगरपालिकेचा माणूस आहे. एका नव्या भाजीवाल्याने तर मला बघून वजनकाटा पुसून ठेवला होता! ती वही आज मी बरोबर आणली आहे. अशा आता चार वह्या झाल्या आहेत. त्यातून मी काय शिकलो आणि कुठे चुकलो, एवढंच आज सांगायचं आहे.

सुरुवात माझ्या वडिलांपासून करतो. आम्ही परळच्या चाळीत वाढलो. वडील गिरणीत होते. त्यांच्या पगाराचे दोन भाग असायचे, मूळ पगार आणि महागाई भत्ता. भत्ता ठरायचा निर्देशांकावर. मुंबईच्या कामगारांसाठी हा निर्देशांक काढायला १९२१ साली सुरुवात झाली, तेव्हाच्या सरकारच्या लेबर ऑफिसने. कामगाराच्या घरात काय काय लागतं याची यादी करायची, बाजारात जाऊन त्याचे भाव टिपायचे, आणि ठरावीक वर्षाच्या मानाने ते किती वाढले ते काढायचं.

आई मात्र म्हणायची, "सरकारला ज्या भावात डाळ मिळते ते दुकान मला पण दाखवा." ही नुसती आईची कुरकुर नव्हती. निर्देशांक महागाई कमी दाखवतो अशी तक्रार सगळ्या गिरणगावात होती. आंदोलन झालं, आणि १९६३ साली सरकारने प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने सांगितलं की तक्रारीत तथ्य आहे, निर्देशांक दुरुस्त करायला हवा. कामगारांचा महागाई भत्ता वाढला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. निर्देशांक म्हणजे काय ते मला कळत नव्हतं. पण बाजारातला भाव कोणीतरी कागदावर नीट लिहिला नाही, तर आपल्या घरातला पैसा कमी होतो, एवढं कळलं.

पुढे १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्यात आमची आईसुद्धा होती. ते लाटणं अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे, आता फक्त पोळ्यांसाठी.

मी बँकेत लागलो. तिथेही तेच. आम्हा बँकवाल्यांचा महागाई भत्ता लेबर ब्युरोच्या औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाला बांधलेला. आमच्या पिढीचा सगळा हिशेब १९६० = १०० या पायावर चालला. निर्देशांक चार अंकांनी वाढला की एक स्लॅब. त्या जुन्या पायावर मोजलं तर आजचा निर्देशांक नऊ हजारांच्या पुढे आहे. म्हणजे १९६० साली शंभर रुपयांत जो संसार व्हायचा, त्याला आज नऊ हजारांहून जास्त लागतात. निवृत्तीनंतरही दर फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये आमच्या पेन्शनीवरचा महागाई भत्ता बदलतो. मी मोर्चा काढत नाही, अर्ज करत नाही, तो आपोआप खात्यात येतो. हे लक्षात ठेवा, शेवटी मी इथेच परत येणार आहे.

२०११ साली निवृत्त झालो आणि घरी बसून सौ.ना अर्थशास्त्र शिकवायला लागलो. ती म्हणाली, "भाजीचा खर्च फार वाढलाय." मी पेपरातला आकडा वाचून दाखवला, की एवढ्या टक्क्यांच्या वर महागाई नाही. ती म्हणाली, "तुमचा निर्देशांक माझ्याबरोबर बाजारात येतो का? नाही ना? मग तुम्ही या." त्या शनिवारपासून ही वही सुरू झाली.

पहिले सहा महिने मी जे लिहिलं ते सगळं निरुपयोगी ठरलं. का, ते सांगतो, कारण आपण सगळेच या चुका करतो.

पहिली चूक वेळेची. एका आठवड्यात सकाळी गेलो, दुसऱ्या आठवड्यात रात्री आठला. सकाळची भेंडी आणि रात्रीची भेंडी यांच्या भावात इतका फरक, की भाव वाढला का उतरला हेच समजेना. माझे एक जुने सहकारी उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये राहतात, बहीण अंबरनाथला. त्यांनाही मी कामाला लावलं. दर शनिवारी फोन करून तिन्ही गावांचे भाव लिहायचो. आपल्याकडे समज आहे की उल्हासनगरला सगळं स्वस्त. वहीत मात्र असं दिसलं की या तीन गावांच्या भावात जो फरक आहे, त्यापेक्षा एकाच बाजारात सकाळ आणि रात्र यांत जास्त फरक आहे. पाच रुपये वाचवायला लोकलने उल्हासनगर गाठू नका, त्यापेक्षा उशिरा जा!

दुसरी चूक मापाची. मेथीची जुडी वीस रुपये. पुढच्या महिन्यात वीस, त्याच्या पुढच्या महिन्यातही वीस. मी खूश होऊन लिहिलं, "मेथी स्थिर." सौ.ने जुडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. जानेवारीत जी जुडी साडेतीनशे ग्रॅमची होती ती ऑगस्टमध्ये दीडशेची झाली होती. हिशेब करा. साडेतीनशे ग्रॅमला वीस म्हणजे किलोला सत्तावन्न रुपये. दीडशे ग्रॅमला वीस म्हणजे किलोला एकशे तेहतीस. भाव दुपटीच्या वर गेला आणि माझी वही म्हणत होती स्थिर. तेव्हापासून पालेभाजी घरी आणून तोलल्याशिवाय भाव लिहायचा नाही, असा नियम केला.

तिसरी चूक तुलनेची. जानेवारीचा भाव जुलैशी ताडून मी घाबरायचो. भाजीला ऋतू असतो. थंडीत ती स्वस्त होते, पावसाळ्यात महाग होते. कांद्याचं बघा. उन्हाळी कांदा एप्रिलच्या सुमारास निघतो, शेतकरी तो कांदाचाळीत साठवतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तोच पुरवून पुरवून खायचा असतो. नवीन खरीप कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतो. ऐन तेव्हा पाऊस पडला तर जुना संपलेला आणि नवा सडलेला. १९९८, २०१०, २०१९, तिन्ही वर्षी कांदा पेटला तो वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत. १९९८ साली तर कांद्याच्या भावाने दिल्लीतली निवडणूक गाजली आणि सरकार गेलं. त्याच वर्षी केंद्र सरकारने रोजचे भाव टिपणारा कक्ष सुरू केला. म्हणून जुलैची तुलना जुलैशी आणि जानेवारीची जानेवारीशी करायची.

मग मी नियम बांधले. आठ भाज्या: कांदा, बटाटा, टोमॅटो, भेंडी, वांगी, कोबी, मेथी, कोथिंबीर. शनिवार, सकाळी दहा. त्याच बाजारातले तेच तीन गाळे. मधल्या प्रतीचा माल. भाव एक किलोचा विचारायचा, कारण पाव किलोचा भाव चारने गुणला की किलोचा भाव येत नाही, जास्त येतो. मोठे लोकही असंच करतात. सरकारचा जो ग्राहक किंमत निर्देशांक दर महिन्याला पेपरात येतो, त्यासाठी २०२५ साली देशभरातल्या ३१० शहरांतले १,११४ बाजार आणि १,१८१ गावं ठरवलेली होती. तिथला ठरलेला माल, ठरलेल्या दुकानात जाऊन विचारतात. माझा बाजार एकच, पण शिस्त तीच.

एक गोष्ट मात्र माझ्या नियमात कधीच बसली नाही. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की आसपासच्या वाड्यांवरून आदिवासी बायका शेवळं, कर्टोली, कुर्डू, टाकळा घेऊन फुटपाथवर बसतात. तिथे किलो नाही, वाटा. त्याचा भाव मी लिहीत नाही. घेतो आणि खातो.

आता २०२३ सालाकडे येतो. मे महिन्यात माझ्या वहीत टोमॅटो वीस रुपये किलो आहे. तेव्हा शेतकरी टोमॅटो रस्त्यावर ओतत होते, आपण बातम्यांत पाहिलं. जुलैच्या अखेरीस त्याच वहीत, त्याच गाळ्यावर एकशे साठ! आठपट. मी गाळ्यावरच्या ताईंना जरा आवाज चढवून म्हटलं, "अहो, लूट चालवलीय का?" त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, क्रेट बघा." वरचा थर छान होता, खाली पाणी सुटलेलं. "हे फेकायचं कोणाच्या खात्यात? टेम्पोवाल्याच्या का तुमच्या?" मी गप्प बसलो. मग वहीच्या मागच्या पानावर त्यांच्याकडून एक यादी लिहून घेतली: कल्याणच्या बाजार समितीतली खरेदी, हमाली, टेम्पो, जागेचं भाडं, नासका माल, संध्याकाळी उरलेला माल. रिझर्व्ह बँकेत झालेल्या अभ्यासाचा एक लेख २०२४ च्या ऑक्टोबरात आला. त्यात म्हटलंय की ग्राहक टोमॅटोसाठी एक रुपया देतो त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्याचे ३६, बटाट्याचे ३७. उरलेले सगळे ताईंना मिळतात असं नाही, हे मला त्या क्रेटने शिकवलं. त्यानंतर मी बाजारात आवाज चढवलेला नाही.

आता माझी मोठी चूक. ती सांगितली नाही तर या भाषणाला अर्थ नाही.

२०२३ च्या ऑगस्टअखेरीस आपली वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. विषय क्रमांक सहा होता, दोन वॉचमन आणि सफाई कामगार ताई यांच्या पगारवाढीचा. त्यांचा पगार एप्रिल २०२१ मध्ये ठरला होता, त्यानंतर वाढ नव्हती. कमिटीच्या ठरावात कारण लिहिलं होतं, "भाजीपाला व इतर वस्तूंची महागाई". मी उभा राहिलो. वही हातात होतीच. म्हणालो, "टोमॅटोच्या भावावर पगार ठरवू नका. हा चढ तात्पुरता आहे, महिन्याभरात उतरेल. शिवाय निर्देशांकात भाजीचा वाटा सगळा मिळून ६.०४ टक्के, शहरी भागात तर ४.४१ टक्केच आहे." आकडे ऐकल्यावर सभा शांत झाली. विषय पुढच्या वर्षावर ढकलला गेला. सप्टेंबरात टोमॅटो खरंच कोसळले. दोन-तीन जणांनी जिन्यात माझं अभिनंदन केलं.

त्यानंतर एकदा कल्याणहून परत यायला उशीर झाला. रात्री साडेनऊला स्टेशनबाहेर आलो तर बाजार उठत होता, आणि आपले रात्रपाळीचे वॉचमन तिथे उरल्यासुरल्या भाजीचे वाटे निवडत होते. ड्युटीवर जायच्या आधी घरी देऊन जायची होती. मी सहज विचारलं, "काय हो, यंदा टोमॅटोने हैराण केलं ना?" ते म्हणाले, "नाही साहेब, आम्हाला नाही केलं. महाग झाला तसा आणणंच बंद केलं. मग कांदा महागला, तो पण अर्ध्यावर आणला. भाजी महागली की आम्ही खात नाही, मग महागाई लागत नाही."

मंडळी, ते हसून म्हणाले. मी घरी येऊन जेवलो नाही.

तेरा वर्षं मी भाव लिहितोय, पण भाव वाढल्यावर कोणाच्या ताटातून काय गेलं हे माझ्या वहीत कुठेच नव्हतं. तो ४.४१ टक्क्यांचा वाटा सगळ्या शहरी घरांची सरासरी आहे. त्या सरासरीत गाडीच्या पेट्रोलवाले आहेत, मुलांच्या क्लासच्या फीवाले आहेत. जितकं उत्पन्न कमी, तितका पगारातला मोठा हिस्सा पोटाला जातो. सभेत मी दुसऱ्यांच्या सरासरीने त्यांचं पोट मोजलं होतं. आणि टोमॅटो उतरणार हे खरं असलं, तरी मुद्दा टोमॅटोचा नव्हताच. टोमॅटो वर जातो, खाली येतो. पण सगळ्या वस्तू मिळून जी पातळी वर सरकते, ती खाली येत नाही.

ती पातळी किती सरकली होती? औद्योगिक कामगारांचा निर्देशांक, ज्यावर माझं पेन्शन चालतं तोच, आता २०१६ = १०० या पायावर निघतो. मार्च २०२१ मध्ये तो ११९.६ होता, मार्च २०२४ मध्ये १३८.९. म्हणजे तीन वर्षांत साधारण सोळा टक्के. हिशेबाला सोपं जावं म्हणून पगार दहा हजार धरा. तीन वर्षं तो दहा हजारच राहिला, तर त्याची खरेदीची ताकद आठ हजार सहाशेवर आली. आपण एक रुपयाही कापला नाही, आणि चौदाशे रुपये कापले गेले. त्याच काळात माझ्या महागाई भत्त्याचा सहा वेळा फेरविचार झाला होता. मी हूं की चूं केलं नव्हतं.

माझ्या वडिलांना निर्देशांक होता, त्याच्या मागे युनियन होती. मला निर्देशांक आहे, त्याच्या मागे करार आहे. आपल्या गेटवर उभा राहणाऱ्या माणसाला यातलं काहीच नाही. त्याची महागाई मोजणार कोण? तो ज्यांच्या दारात उभा आहे त्यांनीच मोजायला हवी, म्हणजे आपण.

२०२४ च्या सभेत मी आधी मागच्या वर्षीच्या माझ्या बोलण्याबद्दल माफी मागितली आणि मग ठराव मांडला. पहिला भाग, राहिलेली सोळा टक्के वाढ द्यावी. दुसरा भाग, यापुढे दर एप्रिलला मार्चचा निर्देशांक बघून पगार आपोआप वाढावा, कोणाला मागायला यायला लागू नये. खजिनदारांनी रास्त प्रश्न विचारला, "मेंटेनन्स कितीने वाढेल?" तिघांचे प्रत्येकी सोळाशे म्हणजे चार हजार आठशे, आणि घरं बत्तीस. दर घराला महिना दीडशे रुपये. मी म्हटलं, २०२३ च्या जुलैतला एक किलो टोमॅटो. एक किलोसुद्धा नाही, दहा रुपये कमीच.

ठराव बहुमताने मंजूर झाला. एकमताने नाही, तीन सभासदांचा विरोध इतिवृत्तात नोंदवलेला आहे. त्यातले एक सभासद स्वतः पेन्शनर आहेत आणि त्यांना महागाई भत्ता नाही. त्यांची अडचण खरी आहे, आणि त्यावरही आपल्याला विचार करावा लागेल. या एप्रिलला ठरावाप्रमाणे पहिली वाढ व्हायची आहे. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट दुरुस्त केली, टाकी बांधली, २००५ च्या पुरानंतर खालच्या घरांना हात दिला, लॉकडाऊनमध्ये भाजीचा टेम्पो गेटवर आणून वाटप केलं. त्या टेम्पोजवळ रांग लावायला कोण उभं होतं, आठवतंय ना? स्मरणिकेत या सगळ्याचे फोटो असतील. या ठरावाचा फोटो नाही, म्हणून तो भाषणात सांगितला.

शेवटची विनंती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला वजनकाट्यावरचे आकडे नीट दिसत नाहीत. चारही वह्या मी सोसायटीच्या ऑफिसातल्या कपाटात ठेवतो आहे. पाचवी कोरी आहे. मागे बसलेल्या मुलांपैकी कोणाला शनिवारी सकाळी दहाला यायचं असेल तर सांगा. मोबाईलवर लिहिलंत तरी चालेल, फक्त जुडी तोलून लिहा. आणि शेवटच्या पानावर मी एक नवीन रकाना आखला आहे: "या आठवड्यात काय घेतलं नाही." तो रकाना आपल्या घराचा भराच, पण गेटवरही विचारून भरा.

पिशवी आपापली आणावी.